कौटुंबिक चित्रपट चालला की पडला? गल्ला आणि परीक्षणं वाचण्याची पद्धत

कौटुंबिक चित्रपटाचा निकाल पहिल्या रविवारी रात्री लावला तर तो बहुतेक वेळा चुकतो. मारधाडीच्या चित्रपटाला जाणारा मुलगा शुक्रवारी सकाळी मोबाइलवर तिकीट काढतो आणि निघतो. कौटुंबिक चित्रपटाला जायचं ठरतं ते घराघरांत: आईला विचारायचं, मावशीला फोन करायचा, सोसायटीतल्या दोघीतिघींना जमवायचं, कुणाची रजा, कुणाची शाळा, कुणाचा उपास बघायचा. यात चार-पाच दिवस सहज जातात. हा प्रेक्षक थिएटरात पोहोचतो तो मंगळवार-बुधवारच्या दुपारी किंवा थेट दुसऱ्या शनिवारी. म्हणून नोंद ठेवायची ती किमान चौदा दिवसांची, आणि मत बनवायचं ते दुसऱ्या शुक्रवारनंतर.

'बाईपण भारी देवा' हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. केदार शिंदे दिग्दर्शित हा चित्रपट ३० जून २०२३ ला आला. जाहीर झालेल्या आकड्यांनुसार पहिल्या आठवड्यात १२.५ कोटी रुपये आणि दुसऱ्या आठवड्यात सुमारे २५ कोटी. एरवी दुसऱ्या आठवड्यात गल्ला निम्म्यावर आला तरी वितरक समाधानी असतात, इथे तो दुप्पट झाला. पहिल्या तीन दिवसांवर निकाल लिहून मोकळं झालेल्यांना पुन्हा लिहायला बसावं लागलं.

आधी आकड्यामागचा शब्द विचारा

"इतक्या कोटींचा गल्ला" असं कुठेही वाचलं की पहिला प्रश्न: ग्रॉस, नेट की शेअर? हे तीन आकडे एकाच चित्रपटाचे, एकाच आठवड्याचे असले तरी त्यांत दुपटीचा फरक पडतो.

ग्रॉस म्हणजे प्रेक्षकाने तिकिटासाठी मोजलेली पूर्ण रक्कम. तिच्यातून जीएसटी गेला की उरतो तो नेट. शंभर रुपयांपेक्षा महाग तिकिटावर १८ टक्के कर आहे. शंभरपर्यंतच्या तिकिटावर १ जानेवारी २०१९ पासून १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. नेट काढताना ग्रॉसमधून सरळ १८ टक्के वजा करू नका, ही चूक फार जण करतात. कर मूळ किमतीवर लागलेला असतो, म्हणून १.१८ ने भागायचं. १८० रुपयांच्या तिकिटाचा नेट १५२ रुपये ५४ पैसे येतो. सरळ १८ टक्के कापले तर १४७ रुपये ६० पैसे येतील, आणि हजारो तिकिटांवर ही चूक मोठी होते.

नेटमधला वितरकाच्या हाती येणारा वाटा म्हणजे शेअर. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप मिटला तेव्हा ठरलेलं वाटप आजही हिशेबाला पाया म्हणून धरलं जातं: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. एकपडदा थिएटरांचे करार वेगळे असतात, काही ठिकाणी ठरावीक भाडं असतं, तर काही ठिकाणी वेगळी टक्केवारी. अंदाजासाठी मल्टिप्लेक्सची टक्केवारी पुरते.

हिशेब असा करा. समजा एका चित्रपटाचा ग्रॉस पहिल्या आठवड्यात १० कोटी, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ३, आणि सगळी तिकिटं १८ टक्क्यांच्या गटातली. नेट होतो अनुक्रमे ८.४७, ५.०८ आणि २.५४ कोटी. शेअर होतो ४.२४, २.१६ आणि ०.९५ कोटी. म्हणजे १९ कोटींच्या पोस्टरमागे हातात आलेले साधारण ७.३५ कोटी. यातून प्रसिद्धीचा खर्च, डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क आणि वितरकाचं कमिशन अजून जायचं आहे. निर्मितीखर्च सहा कोटी असेल तर हा चित्रपट तिकीटबारीवर जेमतेम काठावर आहे, १९ कोटींचा आकडा कितीही मोठा दिसला तरी.

कौटुंबिक चित्रपटाला हे वाटप जरा जाचक ठरतं. त्याची खरी कमाई उशिरा येते, आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येक रुपयात वितरकाचा वाटा कमी असतो. पहिल्या आठवड्यात शंभर रुपयांच्या नेटमागे पन्नास मिळतात, दुसऱ्यात साडेबेचाळीस. 'बाईपण'चा दुसऱ्या आठवड्याचा २५ कोटींचा आकडा नेट धरला, तर पहिल्या आठवड्याच्या दराच्या तुलनेत या साडेसात टक्क्यांचा फरक पावणेदोन कोटींच्या वर जातो. म्हणून दोन चित्रपटांचा एकूण गल्ला सारखा असला तरी दोघांचा नफा सारखा नसतो. सावकाश चढलेल्याच्या पदरात कमी पडलेलं असतं.

आता आकडे आपसात जुळत नाहीत तेव्हा काय करायचं? 'बाईपण'बद्दल ७६ कोटी आणि ९० कोटींच्या वर असे दोन्ही आकडे छापून आले. लगेच कुणाला खोटं ठरवू नका. ७६ ला १.१८ ने गुणा: ८९.७ येतात. एक आकडा नेटचा आणि दुसरा ग्रॉसचा असेल, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर ठरतात. गुणाकाराने फरक सुटला नाही तरच पुढचं तपासा: परदेशातली कमाई धरली आहे का, आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, निर्मात्याचा आहे की व्यापार विश्लेषकाचा.

जुन्या मराठी चित्रपटांशी तुलना करताना आणखी एक खड्डा आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, त्यामुळे त्या काळातल्या मराठी चित्रपटाचा राज्यातला ग्रॉस आणि नेट जवळपास एकच. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या 'सैराट'चा ग्रॉस आणि २०२३ मधल्या चित्रपटाचा ग्रॉस शेजारी ठेवलात, तर दुसऱ्यात कराचा मोठा भाग मिसळलेला आहे. अशी तुलना नेटचीच करा, आणि जमलं तर तिकिटांच्या संख्येची.

थिएटर स्वतः मोजायची रीत

मराठी कौटुंबिक चित्रपटाचे रोजचे आकडे नेहमी जाहीर होत नाहीत. झाले तरी निर्मात्याकडून येतात. तिकिटाच्या अ‍ॅपवरून स्वतःचा अंदाज काढता येतो आणि त्याला दिवसाला अर्धा तास पुरतो.

दहा थिएटरं निवडा आणि चौदा दिवस तीच ठेवा. दादर-परळ, ठाणे, डोंबिवली, पुण्यात कोथरूड आणि हडपसर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, आणि एखादं तालुक्याच्या गावचं एकपडदा थिएटर. फक्त मुंबई-पुणे घेतलंत तर चित्र फसवं निघतं. व्यापारी बातमीतल्या "मुंबई सर्किट"ला, म्हणजे मुंबईच्या वितरण विभागाला, महाराष्ट्र समजू नका. त्या सर्किटमध्ये गुजरात आणि गोवाही येतात. विदर्भ सीपी बेरार या वेगळ्या सर्किटमध्ये मोडतो, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये.

रोज तीन वेळा बघा: आदल्या रात्री अकराला, सकाळी नऊला, आणि शो सुरू होण्याआधी दहा मिनिटं. समजा बुधवारी दुपारी पाऊणचा शो आहे, सभागृह २४० जागांचं. रात्री १८ जागा गेलेल्या, सकाळी ४६, शेवटी १३१. म्हणजे ५५ टक्के भरलं. १३१ पैकी ९६ जागा १५० रुपयांच्या आणि ३५ जागा १८० च्या असतील, तर ग्रॉस २०,७०० आणि नेट सुमारे १७,५४२. अ‍ॅपचं सुविधा शुल्क यात धरायचं नाही. ते अ‍ॅपकडे जातं, गल्ल्यात नाही.

टक्केवारी काढून थांबू नका, जागा कशा भरल्या आहेत ते बघा. पडद्यापासून सहाव्या-सातव्या रांगेत सलग नऊ जागा गेल्या, तिच्या मागे सलग अकरा, कोपऱ्यात सलग सात, असं दिसलं तर तिथे गट येतायत. महिला मंडळ, भिशीचा ग्रुप, नणंदा-भावजया, एखाद्या शाळेतल्या शिक्षिका. दोन-दोनच्या जोड्या आणि मागच्या दोनच रांगा भरलेल्या दिसल्या तर कुटुंबं अजून निघालेली नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारच्या शोला अशा लांब सलग पट्ट्या दिसायला लागल्या की चित्रपट टिकला म्हणून समजा. कोणत्याही तारांकित परीक्षणापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे.

या मोजणीत चुका कुठे होतात तेही माहीत हवं.

काही जागा विक्रीलाच नसतात, त्या अ‍ॅपवर भरलेल्या दिसतात. शो विक्रीला लागल्या लागल्या जो नकाशा दिसतो त्यातल्या भरलेल्या जागा मोजून ठेवा आणि शेवटच्या संख्येतून वजा करा. एकाही तिकिटाची विक्री न झालेला शो बऱ्याचदा ऐनवेळी काढून टाकतात. तो यादीतून गेला की राहिलेल्या शोंची सरासरी आपोआप फुगते. म्हणून शोंची यादी सकाळीच लिहून ठेवायची, आणि गायब झालेला शो शून्य धरायचा. तालुक्याच्या थिएटरात बरीच तिकिटं खिडकीवर विकली जातात, त्यामुळे अ‍ॅपवर रिकामं दिसणारं सभागृह प्रत्यक्षात अर्धं भरलेलं असू शकतं. तिथे ओळखीच्या माणसाला फोन करून विचारणं हाच उपाय. आणि एखाद्या संस्थेने अख्खा शो घेतला असेल तर तो वेगळ्या रकान्यात लिहा. पैसा खराच असतो, पण त्यावरून शेजारचा प्रेक्षक येईल की नाही हे कळत नाही.

कोणता दिवस कशाशी ताडायचा

शुक्रवारशी सोमवार ताडा. सोमवार निम्म्यावर आला तर घसरण सुरू झाली. सत्तर-ऐंशी टक्के राहिला तर चित्रपट धरून आहे. बरोबरीला आला किंवा वर गेला तर माउथ पब्लिसिटी लागली. मंगळवारी बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये तिकीट स्वस्त असतं, त्यामुळे त्या दिवशीची गर्दी बघून हुरळून जाऊ नका. सोमवार आणि बुधवार जास्त खरं बोलतात.

मग दुसरा शुक्रवार पहिल्याशी ताडा, पण त्याआधी शोंची संख्या बघा. पहिल्या शुक्रवारी तुमच्या दहा थिएटरांत ४२ शो होते आणि दुसऱ्या शुक्रवारी २६ राहिले, तर गल्ला घसरणारच. तेव्हा दर शोमागे किती तिकिटं गेली ते काढा. तो आकडा वाढला असेल तर प्रेक्षक आहे, पडदा मिळत नाही. मराठी चित्रपटाच्या बाबतीत ही वेळ वारंवार येते, आणि अशा चित्रपटाला "पडला" म्हणणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे. उलट शो वाढले आणि दर शोमागची तिकिटं घटली, तर फुगवटा आहे.

पंचांग जवळ ठेवा. 'बाईपण'ची ३० जून २०२३ ही तारीख बघा: आदल्याच दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद, १८ जुलैपासून अधिक श्रावण, २१ जुलैला 'ओपनहायमर' आणि 'बार्बी' हे दोन मोठे इंग्रजी चित्रपट पडदे घ्यायला आले. मंगळागौरीच्या स्पर्धेभोवती फिरणारा चित्रपट श्रावणाच्या तोंडावर आणला गेला, याचा उपयोग त्याला नक्कीच झाला. मार्चमधल्या परीक्षा, गणपतीचे दहा दिवस, पितृपक्ष, भारताचा मोठा क्रिकेट सामना, मुंबईतला अतिवृष्टीचा दिवस, हे सगळं नोंदवहीत तारखेसमोर हवं. नाहीतर तीन महिन्यांनी एखादी घसरण बघून तिचा दोष पटकथेला दिला जातो.

तिकिटाची किंमतही तशीच. १३ ऑक्टोबर २०२३ ला राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त मल्टिप्लेक्समध्ये तिकीट ९९ रुपयांना होतं. अशा दिवशी सभागृह भरतं, पण पैसा तेवढा वाढत नाही. म्हणून माणसं आणि रुपये असे दोन रकाने कायम वेगळे ठेवा.

परीक्षणं वाचताना

किमान आठ परीक्षणं गोळा करा: मराठी दैनिकं, एखादं इंग्रजी दैनिक, दोन-तीन जाणते यूट्यूब समीक्षक. प्रत्येकापुढे तारीख लिहा. प्रीमियरला पाहुणे म्हणून बोलावलेल्यांनी त्याच रात्री टाकलेलं कौतुक हे परीक्षण नव्हे, ते बाजूला ठेवा. जाहिरात किंवा सहकार्य असा उल्लेख असलेला मजकूरही तसाच.

ताऱ्यांची सरासरी काढू नका. एकाचे तीन तारे म्हणजे "बघाच", दुसऱ्याचे तीन म्हणजे "ठीक". त्याऐवजी पाच रकाने आखा: कथा-पटकथा, अभिनय, दिग्दर्शन, लांबी, भावनांची मात्रा. प्रत्येक परीक्षणातून त्या त्या रकान्यात एकेक वाक्य उतरवा आणि पुढे अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा. आठ परीक्षणांचे चाळीस चौकोन भरले की कोणत्या गोष्टीवर एकमत आहे ते नजरेला दिसतं. आठातल्या सहांनी अभिनय वाखाणला असेल तरच "बहुतेक समीक्षकांनी अभिनयाचं कौतुक केलं" असं लिहा. दोघांनी वाखाणला असेल तर "काहींनी".

कौटुंबिक चित्रपटाच्या परीक्षणात ठरलेले शब्द येतात: मेलोड्रामा, मालिकेसारखा, ताणलेला उत्तरार्ध, गोडगोड शेवट, सहकुटुंब पाहावा. समीक्षक ज्याला उणं म्हणतो, नेमकं त्याचसाठी प्रेक्षक जाऊ शकतो. रडू येणं हा समीक्षकाच्या लेखी दिग्दर्शकाने घेतलेला सोपा मार्ग असेल, पण मावशी तेच सांगून चार जणींना घेऊन जाते. लांबीबद्दलची तक्रार मात्र गंभीरपणे घ्या. चित्रपट लांब असला की दिवसातले शो कमी बसतात, आणि रात्रीचा शो संपून घरी पोहोचायला उशीर होतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असलेलं कुटुंब तिथेच बेत रद्द करतं. या एका बाबतीत समीक्षकाचं म्हणणं थेट गल्ल्यात उतरतं.

परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांना चित्रपट पसंत पडला, त्यांचं ते प्रमाण आहे. मराठी चित्रपटाची तिथे पाच परीक्षणं असतील, तर एकाचं मत फिरलं की टक्का वीसने हलतो. प्रेक्षक जिथे दहापैकी गुण देतात त्या आयएमडीबीवर सरासरीपेक्षा मतांची विभागणी बघा. दहा आणि एक या दोनच टोकांवर मतं साचली असतील, तर तो आकडा चित्रपटाबद्दल फारसं काही सांगत नाही.

समीक्षक एकीकडे, प्रेक्षक दुसरीकडे

हे कसं मांडायचं ते शिकायला ५ ऑगस्ट १९९४ ला आलेला सूरज बडजात्यांचा 'हम आपके हैं कौन..!' घ्यावा. चौदा गाणी, तीन तासांहून जास्त लांबी, खलनायक नाही. काही समीक्षकांनी त्याची संभावना लग्नाची व्हिडिओ कॅसेट म्हणून केली. तोच चित्रपट मुंबईच्या लिबर्टी थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला, आणि लोकप्रिय व निकोप करमणुकीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. राजश्री या निर्मितीसंस्थेने व्हिडिओ कॅसेट बाजारात आणायचं लांबवलं होतं, म्हणून चित्रपट बघायचा तर थिएटर हाच रस्ता होता. "समीक्षकांनी झोडपलं, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं" एवढ्यावर थांबलात तर हे कारण सुटतं. आज त्याच जागी ओटीटीची तारीख असते. महिन्याभरात घरच्या टीव्हीवर येणार हे कळलं की चौथ्या आठवड्याचं कुटुंब घरीच थांबतं. म्हणून ओटीटीची घोषणा कोणत्या दिवशी झाली, हेही नोंदवहीत हवं.

शेवटी परिच्छेद लिहिताना

क्रम असा ठेवा: तारीख आणि स्पर्धेत काय होतं, परीक्षणांत एकमत कशावर आणि मतभेद कशावर, पहिला आठवडा, दुसरा आठवडा आणि एकूण, प्रत्येक आकड्यापुढे ग्रॉस की नेट आणि तो कुणी जाहीर केला, मग निर्मितीखर्च ठाऊक असल्यास शेअरशी तुलना. "हिट" हा शब्द शेअर खर्चाच्या वर गेल्याशिवाय वापरू नका. खर्चाचा आकडा खात्रीचा नसेल तर निकाल न देता टिकाव लिहा: "दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्याच्या दुप्पट, दर शोमागे तिकिटं वाढलेली." वाचकाला यातून सगळं कळतं.

टिकाव एका आकड्यात सांगायचा असेल तर एकूण नेटला पहिल्या तीन दिवसांच्या नेटने भागा. दोनच्या आसपास आला तर गर्दी सुरुवातीलाच येऊन गेली. तीनच्या वर चांगला. पाचच्या वर गेला तर घरोघरी बोलणं झालेलं आहे. नोंद बंद करायची ती तुमच्या दहा थिएटरांत मिळून दिवसाला पाचपेक्षा कमी शो उरतील तेव्हा. त्या दिवसाची तारीख आकड्याखाली लिहून ठेवा, म्हणजे नंतर कुणी मोठा आकडा दाखवला तर तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे लगेच विचारता येतं.